थंडीतला पहिला ट्रेक: गड नंतर, लीडर आधी

डिसेंबर लागला की सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टरं फिरू लागतात. कळसूबाईचा सूर्योदय, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सांधण दरी. शनिवारी रात्री दादरहून निघायचं, रविवारी रात्री घरी. प्रवास, नाश्ता, जेवण सगळं धरून अमुक रुपये. गिरगाव, लालबाग, परळ, दादरमधल्या ज्या घरांतून आजवर कुणी डोंगर चढलेलं नाही, त्या घरांतल्या कॉलेजच्या मुली, चाळिशीतले काका, नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई आता या पोस्टरांवरच्या नंबरला फोन करतात. याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्यांना चार गोष्टी आधीच माहीत असाव्यात असं वाटतं.

पोस्टरवर गडाचं नाव ठळक असतं आणि लीडरचं नाव बारीक, बहुतेक वेळा नसतंच. पैसे भरताना तुम्ही हा क्रम उलटा लावा. कोणता गड हे नंतर बघू, नेणारा कोण आहे ते आधी कळलं पाहिजे. सह्याद्रीतल्या सोप्या वाटेवर बेफिकीर माणसाबरोबर जाण्यापेक्षा मध्यम अवघड वाटेवर जाणत्या माणसाबरोबर जाणं केव्हाही बरं. जाणता म्हणजे काय? ज्याला वेळ पाहून, माणसं पाहून "आज इथूनच मागे फिरू" म्हणता येतं, तो जाणता.

पावसाळ्यात माणूस जरा बिचकून असतो. थंडीत आकाश निरभ्र, कातळ कोरडा, वाट लांबपर्यंत दिसते, त्यामुळे सगळंच सोपं वाटू लागतं. पण थंडीचे धोके निराळे असतात. दिवस लहान असतो. डिसेंबरअखेरीला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या सावलीतल्या नाळेत त्याआधीच अंधारून येतं. ऑक्टोबरात खळखळणारे झरे जानेवारीत आटलेले असतात. वाळलेल्या गवतावरून बूट सरकतो आणि त्याखाली मुरमाचा घसारा असला तर चढताना नाही, पण उतरताना माणूस हमखास बसतो. उघड्या माथ्यावरचा पहाटेचा वारा तर मुंबईकराच्या कल्पनेतही नसतो, कारण आपल्या घरात स्वेटर फक्त महाबळेश्वरला जाण्यासाठी ठेवलेला असतो.

फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न सरळ विचारा: आमच्याबरोबर प्रत्यक्ष कोण येणार आहे, आणि ती व्यक्ती याच वाटेने, याच ऋतूत आधी गेली आहे का? "आमची टीम अनुभवी आहे" हे उत्तर पुरेसं नाही. नाव सांगायला हवं. एकूण माणसं किती आणि त्यांतली वाट माहीत असलेली किती, हे विचारा. माझा हिशेब असा की नवख्यांच्या गटात दहा-बारा जणांमागे एक जाणकार हवाच आणि त्यांतला एक कायम सगळ्यांत शेवटी चालणारा हवा. पन्नास जणांच्या बसला दोन लीडर असतील तर तो पैसा वाचवा.

मग प्रशिक्षण. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट इथला बेसिक कोर्स केलेली माणसं मुंबईत भरपूर आहेत. कोर्स केला म्हणजे सह्याद्री कळला असं नाही, आणि कोर्स न केलेली पण वर्षानुवर्षं घाटवाटा तुडवलेली उत्तम माणसंही आहेत. तरी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी आणि कधी घेतलं आहे, हे मात्र सोडू नका. घोटा मुरगळला, कुणाला चक्कर आली, कुणाला दम्याचा त्रास झाला तर पहिला अर्धा तास लीडरच डॉक्टर असतो.

यानंतरचा प्रश्न थोडा आडवा वाटेल, पण विचाराच: "अलीकडे कोणता ट्रेक अर्धवट सोडून परत आलात, आणि का?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, तो तुम्हालाही वेळेवर परत आणील. "आमचा एकही ट्रेक कधी रद्द झाला नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. इतक्या वर्षांत एकदाही हवा बिघडली नाही, एकही माणूस आजारी पडला नाही, असं डोंगरात होत नसतं.

गाडीबद्दलचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मला विचाराल तर शनिवार-रविवारच्या ट्रेकमधला सगळ्यांत मोठा धोका कड्यावर नसून रस्त्यावर असतो. शनिवारी रात्री अकरा-साडेअकराला दादर टीटीच्या प्रीतम हॉटेलपाशी गाडी लागते, ती रात्रभर चालते, पहाटे कसारा घाट चढते. तो चालक शनिवारी दिवसभर दुसऱ्या भाड्यावर होता का? रविवारी तुम्ही डोंगरात असताना त्याला झोपायला जागा आहे का? हे विचारण्यात काही वावगं नाही. आयोजकाला प्रश्नाचा राग आला तर तेही एक उत्तरच समजा.

महिलांनी, आणि मुलींना पाठवणाऱ्या आई-वडिलांनी, स्वच्छतागृहाची आणि कपडे बदलण्याची सोय पायथ्याच्या गावात कुठे आहे, गटात महिला लीडर आहे का, हे आधीच विचारावं. पाळीच्या दिवसांत जाऊ नये असा काही नियम नाही. वापरलेलं सामान परत आणायला एक गडद रंगाची, घट्ट बंद होणारी पिशवी सॅकमध्ये ठेवली की झालं.

राज्याच्या पर्यटन विभागाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि अशा उपक्रमांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. त्यामुळे नोंदणी आहे का, विमा आहे का, हे विचारायला आता आधार आहे. पैसे परत कधी मिळणार आणि कधी नाही, हे लेखी मागा. मेसेजवर आलेलं उत्तरही लेखीच असतं.

याच्या जोडीला जुन्या क्लबांचं दारही ठोठावून बघा. मुंबईतली 'गिरिविहार' ही संस्था १९५४ पासून काम करते आहे. दार्जिलिंगची संस्थाही त्याच वर्षीची, म्हणजे एव्हरेस्टवर पहिलं पाऊल पडल्यानंतरचं वर्ष. त्या काळात नोकरी सांभाळून शनिवार-रविवार कडेकपारी धुंडाळणाऱ्यांनी या शहरात गिर्यारोहणाची शिस्त रुजवली. १९८८ मध्ये याच 'गिरिविहार'ची मोहीम कांचनजुंगापर्यंत गेली. राज्यभरातल्या अशा संस्था अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या आहेत. क्लबात पोस्टरची चकचक नसते, कधी भाकरी स्वतः बांधून न्यावी लागते, भांडी घासावी लागतात. पण तिथे चालणं शिकवतात, आणि चुकलात तर तोंडावर सांगतात. ज्यांना एकच सहल करायची नाही, पुढेही जात राहायचं आहे, त्यांना मी क्लबच सुचवीन.

कुठे जायचं

मुंबईकराला थंडीसाठी सगळ्यांत समृद्ध डोंगरमुलूख म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झालं. क्षेत्र साधारण ३६१ चौरस किलोमीटर. एका टोकाला महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगड, मध्ये रतनगड आणि प्रवरेवरचं, १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. अभयारण्य असल्यामुळे नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी लागते आणि मुक्काम, शेकोटी, प्लास्टिक यांबाबत वनखात्याचे नियम पाळावे लागतात. तंबू कुठे लावायला परवानगी आहे, हे आयोजकाला आधीच विचारून ठेवा. रात्री येऊन वनरक्षकाने उठवलं तर त्याची चूक नसते.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी कळसूबाई. उंची १६४६ मीटर. बारी गावातून चढायला सुरुवात करायची, साधारण आठ-नऊशे मीटर उंची गाठायची, चालीप्रमाणे तीन ते चार तास. वाट ठळक आहे, हरवण्याची भीती कमी. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत. माथ्यावर कळसूबाई देवीचं छोटं देऊळ, आणि हवा स्वच्छ असली तर अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले एका रांगेत उभे दिसतात.

पण याच शिड्यांपाशी नवख्यांचा गोंधळ होतो, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. सूर्योदय गाठायचा म्हणून बहुतेक गट मध्यरात्रीनंतर चढू लागतात आणि शिडीपाशी पहाटे एकदमच पोहोचतात. अंधार, दव पडून ओलसर आणि गार झालेलं लोखंड, वरून उतरणारे, खालून चढणारे, आणि प्रत्येकाच्या कपाळावरच्या विजेरीचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यांत. अशा वेळी लोकरीचे हातमोजे घालून शिडी धरू नका, लोकर लोखंडावरून सटकते. तळव्याला रबरी ठिपके असलेले साधे कामाचे हातमोजे चांगले, ते नसतील तर उघडे हात. मोबाईल खिशात नाही, सॅकमध्ये. हातातली काठी सॅकला अडकवा. पुढचा माणूस शिडीचा एक टप्पा पार करून बाजूला झाला की मगच तुम्ही पाय ठेवा. उतरताना उभ्या शिडीवर तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे, घाई अजिबात नाही. मागचा माणूस "चला, चला" म्हणत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

माझं स्पष्ट मत असं की पहिल्या ट्रेकला सूर्योदयाच्या मागे लागू नये. रात्रभराचा प्रवास, झोप नाही, अंधारात चढ, आणि परतीला पाय लटपटत असताना ऊन. त्यापेक्षा पहाटे बारीत पोहोचा, कुणाच्या तरी पडवीत दोन तास आडवे व्हा, उजाडल्यावर चढा. दुपारी दोनपर्यंत जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे आधीच ठरवून ठेवा. शिखर राहिलं तरी चालेल. ३१ डिसेंबरची रात्र आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी तर टाळाच, कारण तेव्हा शिड्यांपाशी रांगेत उभं राहून अंग गारठतं. जमत असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवसाची रजा टाका, डोंगर तुमचा एकट्याचा होईल.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हरिश्चंद्रगड. इथे फक्त "हरिश्चंद्रगडला नेतो" एवढं ऐकून हो म्हणू नका, कोणत्या वाटेने ते विचारा. पाचनईची वाट सोपी, घरातल्या साठीच्या पण चालत्या माणसालाही जमणारी. खिरेश्वराहून टोलार खिंडीची वाट लांब, दमवणारी, मध्ये कातळाचा टप्पा. आणि बेलपाड्याहून नळीची वाट ही नवख्यांची नव्हेच. दगडांनी भरलेल्या नळीतून दिवसभर चढायचं, कातळटप्प्यांवर दोर लावायचा, डोक्यावर सुटे दगड. तिन्ही वाटा एकाच गडावर जातात, पोस्टरवर फोटोही तिन्हींना कोकणकड्याचाच असतो. वर गेल्यावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर पाहा. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभं शिवलिंग आहे, आणि भोवतालच्या चार खांबांपैकी एकच आता पूर्ण उभा आहे. कोकणकड्यावर मात्र बसून नव्हे, पोटावर झोपून डोकवायचं आणि लीडरने सांगितलेल्या रेषेच्या पुढे जायचं नाही. कडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे तुम्ही ज्या कातळावर आहात त्याच्या खाली काय आहे ते वरून दिसतच नाही. १८३५ मध्ये ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने इथून इंद्रवज्र, म्हणजे गोलाकार इंद्रधनुष्य, पाहिल्याची नोंद आहे. ते दिसायला खाली ढग आणि पाठीशी ऊन लागतं, कोरड्या जानेवारीत त्याची आशा धरू नका.

रतनगडासाठी रतनवाडीत जायचं आणि पायथ्याचं अमृतेश्वराचं देखणं मंदिर आधी मनसोक्त पाहायचं. गडावर शिड्या आहेत, आणि माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसलं की वारा अंगावरून जातो. सांधण दरी साम्रद गावाजवळ. थंडीत तिच्या तळाला गार पाणी असतं, काही ठिकाणी कमरेएवढं, तेव्हा जादा कपडे हवेत. वरच्या तोंडापासून थोडं आत जाऊन परत येणं आणि पूर्ण दरी उतरून खाली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी दोर आणि तो लावता येणारी माणसं लागतात.

आधी शहरात तालीम

ट्रेकच्या आधी महिनाभर तरी शरीराला कल्पना द्या. शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारणारे पुष्कळ जण डोंगरात पहिल्या तासाला हबकतात, कारण सपाटीवरची चाल आणि चढ-उतार यांत वेगळे स्नायू लागतात. लालबाग-परळच्या जुन्या चाळीत राहत असाल तर जिना तुमच्या दारातच आहे. पाच लिटर पाणी भरलेली सॅक पाठीला लावून चार मजले चढा-उतरा, रोज थोडं वाढवा, आणि उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. गुडघे उतारावर बोलतात. गिरगावकरांना बाबुलनाथच्या पायऱ्या आणि चौपाटीहून मलबार हिलवर जाणारा सिरी रोड आहे. पहाटे तिथे दोन-तीन वेळा वर-खाली केलंत तर उत्तम तालीम होते.

मग एका रविवारी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सोमवारी ते बंद असतं. दादरहून पश्चिम रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात बोरिवली, आणि आत गेल्यावर कान्हेरीपर्यंत चालत जाऊन लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या. बेसॉल्टमध्ये कोरलेली शंभराहून अधिक लेणी, जागोजाग पाण्याची टाकी, आणि वरच्या कातळावरून दिसणारं जंगल. शिलोंडासारख्या जंगलातल्या वाटांवर मात्र उद्यानाच्या परवानगीशिवाय आणि माहितगाराशिवाय जायचं नाही. ते बिबट्याचं घर आहे. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे निसर्गफेऱ्या होतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही तर १८८३ पासूनची संस्था, तिचं मुख्यालय फोर्टात हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे, आणि तिच्या जाणकारांबरोबर थंडीतले पाहुणे पक्षी पाहत चालणं हा वेगळाच अनुभव आहे. तिथे गटात हळू, न बोलता चालायची सवय लागते, ती पुढे गडावर कामाला येते. घरात आजी-आजोबा किंवा पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर त्यांच्यासाठी धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पुरेसं आहे. कचऱ्याच्या जुन्या डेपोवर उभं राहिलेलं ते जंगल दादरहून हाकेच्या अंतरावर आहे.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, साखर किंवा हृदयाचं काही असेल, तर डॉक्टरला विचारूनच नाव नोंदवा आणि औषधांची यादी लीडरला द्या. ते लपवण्यात काहीच शहाणपण नाही.

जाण्या-येण्याचं

गाडी न करता रेल्वेने जाणारे गट मला अधिक आवडतात. चालकाच्या झोपेची काळजी मिटते आणि खर्चही निम्म्यावर येतो. कसारा लोकल जलद असते, ती चिंचपोकळी, करी रोड, परळला थांबत नाही. लालबागकरांनी भायखळा किंवा दादर गाठावं, गिरगावकरांनी चर्नी रोडहून दादरला येऊन पूल ओलांडावा. सीएसएमटी ते कसारा सुमारे १२० किलोमीटर, अडीच तासांचा प्रवास. रात्रीची शेवटची कसारा लोकल शनिवारी ट्रेकर्सनी भरलेली असते, तेव्हा सॅक पायाशी घ्या, लोकांच्या तोंडावर नको. कसाऱ्याहून पुढे जीप. ती आदल्या दिवशी फोन करून ठरवलेली असावी, रात्री दोन वाजता स्टेशनबाहेर घासाघीस करत बसायला नको. जीप घाट चढून इगतपुरी, घोटीमार्गे बारीला जाते. इगतपुरीपर्यंत लांब पल्ल्याच्या गाडीने जाऊन घोटीहून एसटी पकडणं हाही एक पर्याय आहे.

परतताना रविवारचा मेगाब्लॉक लक्षात ठेवा. शनिवारीच रेल्वेचं पत्रक पाहून घ्या. दुपारी लवकर उतरलात तर ठाण्याच्या पुढे गाड्या रखडतील, आणि सकाळी बोरिवलीला जाणाऱ्यांनाही पश्चिम रेल्वेच्या ब्लॉकचा फटका बसू शकतो. घरी "रात्री आठपर्यंत येतो" असं सांगू नका, "दहा वाजतील" म्हणा. शिवाय कोणत्या गटाबरोबर, कोणत्या वाटेने, लीडरचा नंबर काय, पायथ्याच्या गावातला नंबर काय, हे कागदावर लिहून घरच्या फ्रिजवर लावून जा. डोंगरात रेंज नसते आणि आईचा जीव टांगणीला लागतो.

सॅकमध्ये काय

थंडीत लोक कपडे चुकीचे घेतात. एक जाड जर्किन घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घ्या: आत लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. चढायला लागताना थोडं गार वाटलं पाहिजे, म्हणजे घाम कमी येतो. माथ्यावर पोहोचताच, फोटो काढण्याआधी, भिजलेला टी-शर्ट बदलून कोरडा घाला आणि कानटोपी ओढा. एवढं एक केलंत तरी निम्मा गारठा पळतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि गुडघा वर उचलू देत नाही. बुटाचा तळ खोल नक्षीचा हवा. शाळेत पीटीला घालतात तसे गुळगुळीत बूट घसाऱ्यावर दगा देतात. नवे बूट असतील तर आधी आठ-दहा दिवस ऑफिसला घालून जा.

विजेरी दिवसाच्या ट्रेकलाही हवी, डोक्याला बांधायची असली तर उत्तम. शिट्टी. पाणी माणशी तीन लिटर, कारण वाटेत लिंबू-सरबताच्या टपऱ्या दिसल्या तरी आठवड्यातल्या मधल्या दिवशी त्या बंद असू शकतात. मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटं. खायला चपाती-भाजीची गुंडाळी, थालीपीठ, खजूर, दाण्याची चिक्की, आणि संक्रांतीच्या आसपास जात असाल तर गूळपोळी. ती दोन दिवस टिकते, थंडीत अंगाला ऊब देते, पाठीवर तिचं ओझंही वाटत नाही. वेफर्सची पाकिटं वाऱ्यावर उडतात आणि पोटही भरत नाही.

अत्तर, सेंट, सुगंधी तेल यातलं काहीही लावून यायचं नाही. ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात, आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. माश्या उठल्याच तर हात झाडत पळू नका. तोंड-मान कापडाने झाका, शक्य तितकं खाली बसा, आणि लीडर सांगेल त्या दिशेने शांतपणे लांब व्हा. कड्याच्या कडेला माश्यांच्या भीतीने पळणं माश्यांपेक्षा घातक असतं. याच कारणाने वर शेकोटी आणि सिगारेट नको. शिवाय जानेवारीतलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणव्यात अख्खा उतार जातो, त्यातल्या घरट्यांसकट.

चालताना

चांगला लीडर सगळ्यांत मंद माणसाला आपल्या मागेच ठेवतो, म्हणजे पुढून दुसरा. मग गटाची चाल आपोआप त्या माणसाची होते आणि तो एकटा मागे पडत नाही. तुम्हीच मंद असाल तर हे स्वतःहून सांगा. वेगवान असाल तर पुढे पळू नका, दोन वाटा फुटतात तिथे थांबा. ढोरवाटा गुरांच्या पायांनी पडलेल्या असतात, दिसायला मोठ्या, पण त्या पाण्यावर किंवा चरायला जातात, गडावर जात नाहीत. चुकल्यासारखं वाटलं तर खाली उतरून "कुठेतरी निघेल" असं करू नका. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या, तिथे बसा, शिट्टी वाजवा.

पायाने दगड सुटला तर जोरात "दगड!" ओरडायचं, मग तो लिंबाएवढा का असेना. दर तासाला थोडं पाणी, तहान लागो न लागो. कुणी गप्प झालं, बोलताना अडखळू लागलं, कुडकुडत असताना अचानक थरथर थांबली, तर तो थकवा समजून सोडून देऊ नका. अंग गार पडण्याची ती खूण असते. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, वाऱ्याच्या आडोशाला न्या, शुद्धीवर असेल तर गोड गरम द्या, आणि उतरण्याचा निर्णय लगेच घ्या.

मोठी दुखापत झालीच तर माणसाला उगाच उचलून हलवू नका. ११२ ला फोन करा. निघण्यापूर्वी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये साठवलेला असावा. राज्यातल्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांशी संपर्क जोडून देणारी ती व्यवस्था आहे. नेमकी जागा, वाटेचं नाव, माणसांची संख्या, दुखापत काय, एवढं सांगता आलं पाहिजे. आणि पायथ्याच्या गावाला लगेच कळवा. कुठलंही पथक पोहोचायच्या आधी दोर, झोळी, विजेऱ्या घेऊन धावत येतात ती त्या गावातलीच पोरं.

म्हणूनच आयोजकाने गावातला वाटाड्या घेतला आहे का, जेवण गावातल्या घरी आहे का, हे मी नेहमी विचारतो. बारी, पाचनई, साम्रदमध्ये चुलीवरची भाकरी, पिठलं, झणझणीत ठेचा मिळतो आणि त्या पैशावर थंडीचे महिने घरं चालतात. जेवणाचा दर आधी ठरलेला असतो, ताट वाढल्यावर घासाघीस करू नका. पडवीत झोपलात तर पहाटे गाणी लावू नका, त्या घरातली बाई दिवसभर राबलेली असते. आपला कचरा आपल्या सॅकमधून दादरपर्यंत परत आणा, गावात टाकू नका. तिथे तो उचलायला महापालिकेची गाडी येत नाही.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन तापू लागतं आणि उघड्या सोंडांवरची चढाई त्रासदायक होते. हातात आहेत ते मोजके शनिवार-रविवार. त्यांतला एक बोरिवलीसाठी, एक कळसूबाईसाठी राखून ठेवा, आणि पोस्टरवरच्या नंबरला फोन लावण्याआधी वर सांगितलेले प्रश्न एका कागदावर उतरवून घ्या.